माला-एन गोळी : किरकोळ त्रास कोणता, धोका कोणता?



दोन मुलांत अंतर हवे म्हणून ताई आरोग्य केंद्रातून माला-एनचे पाकीट फुकट आणतात. चार दिवसांनी मळमळते. शेजारीण म्हणते, "नको गं बाई, गोळी बाधते." पाकीट फडताळात पडते, आणि नको असताना दिवस जातात. असे होऊ नये म्हणून दोघांनी मिळून हे वाचा.

गोळी कशी घ्यावी?
पाकिटात 28 गोळ्या असतात : 21 हार्मोनच्या, 7 लोहाच्या. पाळी आल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करा. रोज रात्री जेवल्यावर एक. पाकीट संपले की दुसऱ्या दिवशी नवे. एक गोळी चुकली तर आठवताच घ्या, त्या दिवशीचीही वेळेवर घ्या. जास्त चुकल्या तर गोळ्या चालू ठेवून सात दिवस निरोध वापरा व आशाताईंना विचारा.

घाबरू नका
मळमळ, डोके जड होणे, स्तन दुखणे, मधेच डाग पडणे हा त्रास बहुधा दोन-तीन महिन्यांत थांबतो. 1960 साली अमेरिकेत मंजूर झालेल्या पहिल्या गोळीत हार्मोन पुष्कळ जास्त होते. माला-एनमध्ये ते फार थोडे आहे. गोळी पोटात साठत नाही, वांझपण आणत नाही. बंद केली की पुन्हा दिवस राहू शकतात.

कोणी घेऊ नये?
रक्तदाब, हृदयविकार, कावीळ, स्तनाचा कर्करोग असलेल्यांनी. पस्तिशीनंतर विडी ओढणाऱ्यांनी. सहा महिन्यांच्या आतील बाळाला अंगावर पाजणाऱ्यांनी. पाजणाऱ्या आईला हार्मोन नसलेली 'छाया' गोळी चालते. क्षयाची किंवा फिटची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. पहिल्या गोळीआधी रक्तदाब मोजून घ्या.

वेळ दवडू नका
छातीत कळ, धाप, एकच पोटरी सुजून दुखणे, असह्य डोकेदुखी, अंधुक दिसणे, पोटात जोराची कळ, डोळे पिवळे होणे : हे क्वचितच घडते, पण रक्ताची गुठळी झालेली असू शकते. गोळी थांबवा, लगेच आरोग्य केंद्र किंवा कोल्हापूरचे सी.पी.आर. रुग्णालय गाठा.

यात्रेची गोळी वेगळी
जोतिबाच्या यात्रेसाठी, नवरात्रासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी म्हणजे माला-एन नव्हे. गर्भ राहू नये म्हणून तिच्यावर विसंबू नका. दुकानातून परस्पर घेऊही नका.

भाऊ, रोज रात्री गोळीची आठवण करणे तुमचे काम!

किरकोळ त्रासाला भिऊ नका, धोक्याच्या खुणेकडे काणाडोळा करू नका.