कपडे आणि रजई : मशीन एकच घ्यायचे तर

दिघोरीसारख्या गावात कपड्यांबरोबर रजईही शिवणाऱ्या कारागिराने झिगझॅग, कशिदा असल्या सोयींवर पैसे घालू नयेत. सरळ टीप मारणारे लोखंडी पायमशीन घ्यावे. मोटर पुढे बसवता येते, आणि वीज गेली तरी काम अडत नाही.

दुकानात जाताना दोन कापडांत कापूस भरलेला तुकडा सोबत न्यावा. 18 नंबरची सुई, टाका मोठा. वरच्या कापडाला चुण्या पडल्या तर दाब कमी करून पुन्हा शिवावे. तरीही पडल्या तर ते मशीन रजईचे नव्हे. जुन्या मशीनचा रंग पाहू नये, शटल झिजले आहे का ते पाहावे.

2023 च्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे साहाय्य हे कर्ज नाही, त्यावर व्याज नाही. मात्र ते व्हाउचरने मिळते, म्हणून अर्ज आधी, खरेदी नंतर.