जखम, धीर आणि स्वच्छता

मुलांनो, पिंपरी-चिंचवड व चाकण भागात खूप कारखाने आहेत. तेथे यंत्रात हात सापडून कोणाचे बोट तुटले, तर तुम्ही काय कराल?

प्रथम १०८ क्रमांकावर फोन करा. ही मोफत रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा. हळद किंवा चुना लावू नका. तुटलेले बोट स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका.

पिंपरीत महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. जखमीवर आधी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगितले. तातडीच्या विभागात ज्याच्या जिवाला अधिक धोका, त्याला आधी तपासतात. म्हणून रागावू नका.

१८४७ साली व्हिएन्नामध्ये डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू पुष्कळ कमी झाले. नमाजापूर्वी आपण वजू करतो. तसेच रुग्णाला भेटण्यापूर्वी साबणाने हात धुवा. रुग्णालयात थुंकू नका. घाण दिसली तर परिचारिकेला नम्रपणे सांगा. तेथील स्वच्छता आपलीही जबाबदारी आहे.

शब्दार्थ : रुग्णवाहिका – ॲम्ब्युलन्स, परिचारिका – नर्स, तातडीचा – लगेच करायचा.

स्वाध्याय : तुटलेले बोट रुग्णालयात कसे न्यावे?