टोपी कुठं गेली?

जादूचा खेळ कोणाला आवडत नाही? गावची जत्रा असो की शाळेचे स्नेहसंमेलन असो, जादूगार आला की माणसे हातातली कामे टाकून बघत बसतात. आपल्या पुण्याचे जादूगार रघुवीर, म्हणजे रघुवीर भोपळे, यांनी देशात आणि परदेशांतही जादूचे प्रयोग केले. त्यांचे चिरंजीव विजय आणि नातू जितेंद्र यांनी हीच कला पुढे चालवली. एका घरात तीन पिढ्या ही विद्या नांदली.

पण मोठ्यांपुढे जो खेळ रंगतो, तोच खेळ तीन-चार वर्षांच्या मुलांपुढे रंगतो का? आम्हांला वाटले होते, रंगतो. आमची चूक झाली. ती कशी, ते या पाठात सांगतो.

आमची फजिती

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत हेडमास्तर होतो. संमेलनात मुलांची करमणूक व्हावी म्हणून जादूचे चार-दोन खेळ शिकलो होतो. पाचवी-सहावीची मुले टाळ्या वाजवायची. निवृत्त होऊन आम्ही तळेगाव दाभाडे येथे राहू लागलो. एके दिवशी जवळच्या बालवाडीच्या ताई घरी आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या पोरांना एकदा तुमची जादू दाखवा."

आम्ही काळा कोट घातला. जादूची पेटी घेतली. पंचवीसेक मुले सतरंजीवर बसली होती. पुढेच एक चिमुकली होती. तिच्या मांडीवर कापडाची बाहुली होती. आम्ही तिला म्हटले, "बघू गं तुझी बाहुली." बाहुली पेटीत ठेवली. काठी फिरवली. पेटी उघडली, तर बाहुली गायब!

टाळ्या पडतील असे आम्हांला वाटले. पडल्या नाहीत. ती पोर रडू लागली. तिचे पाहून आणखी दोघे रडू लागले. आम्ही घाईघाईने बाहुली परत काढली आणि तिच्यापुढे धरली. तिने हात मागे घेतला. म्हणाली, "ही माझी नाही. माझी गेली."

आम्ही ताईंना म्हटले, "अहो, तीच आहे की!" ताई म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हांला ठाऊक आहे. तिला कुठं ठाऊक आहे?"

त्या रात्री आम्हांला नीट झोप लागली नाही.

लहान मूल कसे बघते

जादूची मजा केव्हा येते? 'असे होणे शक्य नाही' हे ज्याला पक्के ठाऊक असते, त्यालाच नवल वाटते. दहा वर्षांच्या मुलाला कळते, की पेटीतली वस्तू हवेत विरत नाही. म्हणजे यात काहीतरी युक्ती आहे. मग तो युक्ती शोधू लागतो. त्यातच त्याला गंमत वाटते.

तीन वर्षांच्या मुलाचे तसे नसते. जगात काय होऊ शकते आणि काय नाही, हे ते अजून शिकत असते. त्याच्या लेखी दिवा बटण दाबल्यावर लागतो, हीही जादूच. मोबाइलमधून आजीचा आवाज येतो, हीही जादूच. त्यामुळे मोठ्या जादूचे त्याला मोठे नवल वाटत नाही. पण आपली आवडती वस्तू डोळ्यांदेखत नाहीशी झाली, तर ते घाबरते. त्याच्या दृष्टीने ती खरीच गेलेली असते.

मग या वयाला काय आवडते? उत्तर आपल्या घरातच आहे. तान्ह्या बाळापुढे आई पदराआड तोंड लपवते आणि 'भो!' करते. बाळ खदखदा हसते. का हसते? आई पदराआडून बाहेर येणारच, हे त्याला ठाऊक असते. त्याने मनात धरलेले खरे ठरते, म्हणून ते हसते. लहान मुलांच्या जादूचे सारे मर्म या 'भो'मध्ये आहे.

मूल शहाणे, जादूगार वेंधळा

'काखेत कळसा, गावाला वळसा' ही म्हण आपण ऐकली आहे. लहान मुलांचा खेळ या म्हणीवर उभा करावा.

डोक्यावर टोपी घालावी. मग इकडे तिकडे शोधू लागावे. "माझी टोपी कुठं गेली हो?" मुले ओरडतात, "डोक्यावर!" आपण म्हणावे, "काय? डब्यावर?" डबा उघडून बघावा. मुले आणखी जोराने ओरडतात, "डोक्यावर!" "अस्सं, खोक्यावर!" मुले हसून लोळू लागतात.

यात हातचलाखी मुळीच नाही. तरी मुले याच खेळाला सर्वांत जास्त हसतात. घरी, रस्त्यावर, दवाखान्यात दिवसभर मोठी माणसे त्यांना सांगत असतात, 'तुला कळत नाही, गप्प बस.' येथे मात्र त्यांना कळते आणि मोठ्या माणसाला कळत नाही!

आमच्या भागात आणखी एक गोष्ट दिसते. तळेगाव, चाकण येथे कारखाने आले. कामासाठी दूरदूरची माणसे आली. कोणी विदर्भातून, कोणी बिहारमधून. त्यांची मुले बालवाडीत येतात. काहींना मराठी येत नाही. ती कोपऱ्यात गप्प बसतात. पण टोपी डोक्यावर आहे, हे समजायला भाषा लागत नाही. असा एक मुलगा उठून आमच्या डोक्याकडे बोट दाखवू लागला. इतर मुलांचे ऐकून तोही ओरडला, "डोक्यावर!" त्याच्या ताई म्हणाल्या, हा मराठी शब्द त्याच्या तोंडून आम्ही प्रथमच ऐकला.

दोन सोपी साधने

ही साधने कोणालाही घरी करता येतील.

१. लुळी काठी. जाड कागदाच्या चार-पाच आखूड नळ्या करा. त्यांतून एक मजबूत दोरी ओवा. दोरीचे वरचे टोक पक्के बांधा, खालचे टोक मुठीत ठेवा. दोरी ताणली की काठी ताठ होते. सैल सोडली की लुळी पडते. जादूगार ऐटीत काठी उचलतो आणि ती मान टाकते. मुलांनी फुंकर घातली की पुन्हा ताठ होते.

२. दुहेरी पिशवी. गडद, नक्षीच्या कापडाची पिशवी शिवा. आत मधोमध त्याच कापडाचा पडदा लावा. पडदा तळाला आणि दोन्ही कडांना शिवा, वरून मोकळा ठेवा. म्हणजे दोन कप्पे होतात. मागच्या कप्प्यात आधीच पिवळा रुमाल ठेवा. पडदा अंगठ्याने मागे दाबून धरा. पिशवी रिकामी दिसते. आता पुढच्या कप्प्यात पांढरा रुमाल टाका. सगळ्यांनी मिळून म्हणायचे, "इडली, चटणी, फू!" तेवढ्यात पडदा पुढे दाबा. एका मुलाला रुमाल काढायला सांगा. पिवळा निघतो! जादू त्या मुलाच्या हातून झाली. शाबासकी त्यालाच द्यावी.

काय टाळावे

खेळ वीस मिनिटांपेक्षा लांबवू नये. या वयाची मुले त्याहून जास्त वेळ एका जागी बसत नाहीत.

तोंडाला रंग फासून एकदम पुढे येऊ नये. विदूषकाला पुष्कळ मुले घाबरतात. लाल नाक लावायचे तर मुलांसमोरच लावावे. म्हणजे आतला माणूस तोच आहे, हे त्यांना कळते.

कोणालाही ओढून पुढे आणू नये. ज्याला यायचे, तो येईल. न येणाऱ्याची टिंगल करू नये. हसे व्हायचे ते जादूगाराचे व्हावे, मुलाचे नव्हे.

मुले फार उसळली तर आपण ओरडू नये. हळूच कुजबुजावे. ऐकू यावे म्हणून ती आपोआप गप्प होतात.

विस्तव, सुरी, टाचणी जवळ नको. नाणी, गोट्या, मणी मुलांच्या हाती देऊ नयेत. लहान मूल हाती आलेली वस्तू तोंडात घालते. फुग्यांचीही काळजी घ्यावी. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकून मूल गुदमरू शकते. तुकडे लगेच वेचावेत.

पूर्वी गारुडी साप घेऊन दारोदार फिरत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. खेळासाठी साप धरणे, बाळगणे आता गुन्हा आहे. मुलांना मुके प्राणी दाखवायचे तर कापडाचे दाखवावेत.

चमत्कार नव्हे, युक्ती

आमच्या अंगात शक्ती आहे, असे मुलांना कधी सांगू नये. भुताचे, चेटकिणीचे नाव घेऊन भीती घालू नये. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी पुष्कळ वर्षे खटपट केली होती. चमत्काराच्या नावाने लोकांना फसवणे, लुबाडणे या कायद्याने गुन्हा आहे. खेळ संपल्यावर आम्ही पिशवी उलटी करून मुलांना पडदा दाखवतो. लहान मुलांना सारे कळत नाही, पण हात घालून बघायला मिळते. फसवून मोठे होण्यापेक्षा दाखवून लहान झालेले बरे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, असे त्यांचे सांगणे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. मुलाच्या अंगणात जायचे, तर त्याच्या उंचीला बसायला शिकले पाहिजे. हे आम्हांला म्हातारपणी उमगले.

पुन्हा बालवाडीत

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. या खेपेस काळा कोट घातला नाही, पेटी नेली नाही. सतरंजीवर मुलांत जाऊन बसलो. ती चिमुकली लांब बसली होती. मांडीवर तीच बाहुली होती. आम्ही म्हटले, "बाई, आज जादूगार तू. आम्ही डोळे मिटतो. तू बाहुली लपव."

पहिल्यांदा ती हलली नाही. मग फ्रॉकखाली काहीतरी सरकल्याचे ऐकू आले. आम्ही डोळे उघडले. बाहुलीचे दोन्ही पाय फ्रॉकबाहेर दिसत होते! आम्ही खिडकीत शोधले, चपलांत शोधले, ताईंच्या पर्समध्ये शोधले. सारी मुले हसत होती. शेवटी तिनेच बाहुली वर काढली आणि म्हणाली, "आजोबा, हिकडं हाय!"

"हीच का ती?" आम्ही विचारले.

"हीच," ती म्हणाली.

शब्दार्थ

हातचलाखी – हाताने चटकन केलेली युक्ती
वेंधळा – धांदरट, लक्ष नसलेला
मर्म – मुख्य गोष्ट
लुळी – जोर नसलेली, लोंबणारी

प्रश्न

१. बाहुली परत मिळाली तरी मुलीने ती का घेतली नाही?
२. 'काखेत कळसा, गावाला वळसा' या म्हणीचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.
३. खेळानंतर फुग्याचे तुकडे का वेचावेत?
४. आज घरी लहान मुलापुढे 'टोपी कुठं गेली?' हा खेळ करा. मूल काय म्हणाले, ते दोन ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.