लाल नळकांडे

दिवाळीनंतर जालन्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या लागतात. तिथे भिंतीवर लाल नळकांडे टांगलेले असते. आज ते नीट पाहू या.

कापसात खडा किंवा खिळा आला, यंत्राच्या लोखंडावर घासला, की ठिणगी पडते. बिडीचे तर नावच नको! रुई पेटते. वरून विझली असे वाटते, पण आत धुमसतच राहते. म्हणून ढीग उकलून भरपूर पाणी मारावे लागते.

तेच पाणी विजेच्या पेटीवर मारले तर? मारणाऱ्यालाच झटका बसेल. तिथे भुकटीचे किंवा कार्बन डायऑक्साइड वायूचे नळकांडे लागते. जालन्यात पोलादाच्या भट्ट्याही आहेत. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडले, तर एकदम वाफ होऊन स्फोट होतो. तिथे बादली घेऊन धावू नये.

मग कोणते नळकांडे कशाचे, हे ओळखावे कसे? वाचून! आत काय भरले आहे, ते त्यावर लिहिलेले असते. चिठ्ठीवर तपासणीची तारीख असते. भुकटीच्या पुष्कळ नळकांड्यांना काटा असतो, तो हिरव्या भागात हवा. वायूचे नळकांडे वजन करून तपासतात.

2006 सालच्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत ही साधने चालू असल्याचा दाखला मालकाने द्यायचा असतो. मधल्या महिन्यांत काटा खाली गेलेला दिसला, तर आपण त्याच दिवशी मुकादमाला सांगावे.