टॉर्क कन्व्हर्टरची निवड

बारामती व इंदापूर तालुक्यांत उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे माळेगांव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील कारखान्यांकडे भरलेले ट्रक रात्रंदिवस चालूं लागतात. ओल्या शेतांतून सडकेवर चढणारा असा ट्रक विद्यार्थ्यांनीं लक्षपूर्वक पाहावा. एंजिन वेगानें फिरत असतें. चाकें मात्र स्थिर असतात. या दोहोंचा मेळ घालण्यासाठीं चालक क्लच अर्धवट सोडून धरतो. आंतील कोरडी तबकडी घांसून तापते आणि तिचा जळका वास दूरवर येतो.

हें घर्षण टाळून तेलाच्या द्वारें शक्ति पोंचविण्याची युक्ति हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची होय. त्यानें १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें, तें जहाजांसाठीं. वाफेच्या टर्बाइनची शीघ्र गति व पाण्यांतील पंख्याची मंद गति यांची सांगड त्याला घालावयाची होती. मोटारगाडींत टॉर्क कन्व्हर्टर १९४८ सालीं अमेरिकेंत ब्यूइक गाडीबरोबर आला.

दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एकच सुरू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. येथें वाऱ्याच्या जागीं तेल असतें. मात्र मध्यें स्टेटर नांवाचें तिसरें चक्र बसविलेलें असून तें परतणाऱ्या तेलाची दिशा वळवितें. त्यामुळें गाडी हलतांना एंजिनाचें पीळबल सुमारें दुप्पट होतें. इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगरास दंतचक्रें घडतात. दंतचक्रांच्या जोडीचें प्रमाण ठरलेलें असतें. कन्व्हर्टरचें प्रमाण गतीबरोबर आपोआप बदलतें.

अमेरिकेंत जुन्या ट्रकांत जोरकस एंजिन बसवून त्यांना ‘हॉट रॉड’ म्हणतात. असा ट्रक नित्य रस्त्यावर चालवावयाचा, तर कन्व्हर्टर कोणता घ्यावा? चाकें अडवून पूर्ण वाफ दिली असतां एंजिन जितक्या फेऱ्यांवर थबकतें, त्यास स्टॉलचा वेग म्हणतात. मोठा आंकडा म्हणजे मोठा पराक्रम, असा तरुणांचा समज दिसतो. गणित निराळें आहे. कन्व्हर्टर जें बल पेलतो तें फेऱ्यांच्या वर्गाच्या व व्यासाच्या पंचघाताच्या प्रमाणांत असतें. ३० सेंटिमीटर व्यासाचा कन्व्हर्टर मिनिटास १,५०० फेऱ्यांवर थबकत असेल, तर त्याच घडणीचा २५ सेंटिमीटरचा, तितक्याच बलास, सुमारें २,३७० वर थबकेल. १,५०० फेऱ्यांवर तो पहिल्याच्या दोन पंचमांश बल पेलतो.

उसाच्या ट्रकाचें डीझेल एंजिन १,५०० च्या आसपासच भरपूर जोर देतें. त्यास मोठ्या व्यासाचाच कन्व्हर्टर शोभतो. ज्या पेट्रोल एंजिनाचा जोर २,५०० च्या पुढें जागा होतो, त्यास तोच लावला तर गाडी सुरुवातीस गुदमरेल. म्हणून एंजिन, गाडीचें वजन व मागील आंसाचें प्रमाण हीं तिन्ही अगोदर लिहून काढावीं व नंतर दुकानाची पायरी चढावी. नेहमींच्या चालीच्या फेऱ्या स्टॉलच्या वेगाहून वर राहतील, एवढें मुख्यतः पाहावें.

पालकांनीं आणखी एक गोष्ट विचारावी. मूळ नोंदींत फरक पडेल असा बदल गाडींत करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें मर्यादा आहेत; एंजिन बदलण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत जाणें इष्ट.

घसरण्यांत गेलेली सर्व शक्ति उष्णता होऊन तेलांत उतरते. तेल सुमारें ९० अंश सेल्सिअसवर सुखानें टिकतें; १२० च्या पुढें तें लवकर करपतें. ओझें वाहणाऱ्या ट्रकास तेल थंड करणारा स्वतंत्र रेडिएटर कन्व्हर्टरबरोबरच घ्यावा, आणि तो वाऱ्याच्या तोंडीं बसवावा.