ओग्बोनो: आफ्रिकेच्या रानआंब्याची बी

प्रश्न: आफ्रिकी रानआंब्याच्या बियांचा स्वयंपाकातील उपयोग कोणता आणि त्यांनी वजन घटते का?

उत्तर: पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या वर्षावनांत वाढणारा हा वृक्ष, म्हणजे इर्विंगिया, आपल्या आंब्याच्या कुळातील नाही, फळाच्या बाह्य साम्यामुळेच त्यास रानआंबा म्हणतात. त्याच्या दोन प्रमुख जातींपैकी गॅबोनेन्सिसचा गर गोड असून तो खाल्ला जातो, तर वोम्बोलूचा गर कडू असला तरी रश्शासाठी तिच्याच बियांना अधिक पसंती मिळते. नायजेरियात या बियांना ओग्बोनो म्हणतात. कोय फोडून काढलेला मगज वाळवून दळतात, ती पूड मंद आचेवर पामतेलात विरघळवतात आणि मग मांसाचा किंवा माशांचा अर्क, मिरची व पालेभाजी घालून शिजवतात. पुडीतील श्लेष्मल द्रव्यामुळे, म्हणजे पाणी शोषून बुळबुळीत होणाऱ्या कर्बोदकांमुळे, रश्शाला भेंडीसारखी तार सुटते. कुटलेल्या यामच्या, म्हणजे एका कंदाच्या, गोळ्याबरोबर तो खातात. गॅबोनमध्ये मगज भाजून, वाटून त्याची वडी थापतात. ती ओडिका होय.

मगजाचा निम्म्याहून अधिक भाग मेदाचा असून त्यात लॉरिक व मिरिस्टिक ही संपृक्त मेदाम्ले, म्हणजे खोबरेल तेलातही आढळणारे घटक, प्रमुख असतात, त्यामुळे हे अन्न उष्मांकांनी समृद्ध आहे. वजन घटवण्याचा दावा कॅमेरूनमधील मोजक्या, लहान चाचण्यांवर उभा असल्याने त्यासाठी या बियांच्या अर्काच्या महागड्या गोळ्या घेणे समर्थनीय ठरत नाही. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर त्या वैद्यकीय सल्ल्याविना घेऊच नयेत.