गॅस-डिटेक्टरचा डिस्प्ले बदलला, पण अर्धा दिवस का लागला?



वार्षिक सभेच्या चहापानात गंगापूरकडच्या एका सभासदांनी आम्हाला गाठले. "आसवनीच्या गॅस प्लँटवरच्या डबीचा नुसता आकड्यांचा पडदा बदलला म्हणता, मग त्याला अर्धा दिवस कशाला?" सवाल रास्त आहे. पैसा सभासदांचा, आणि त्या प्लँटवर पाळी करणारी पोरंही बहुतेक सभासदांच्याच घरची. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

मळीपासून मद्यार्क काढल्यावर जे काळपट सांडपाणी उरते, त्याला स्पेंटवॉश म्हणतात. ते बंद टाकीत कुजवून बायोगॅस काढतात व बॉयलरला जाळतात. घरच्या गोबरगॅसचाच हा थोरला भाऊ. त्यात जळणारा मिथेन असतोच, पण स्पेंटवॉशमध्ये गंधकाचा अंश जास्त म्हणून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही येतो, बऱ्याचदा दोन-तीन टक्के. टक्का ऐकायला लहान वाटतो. पण एक टक्का म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग, म्हणजेच १०,००० पीपीएम. आणि आठ तासांच्या पाळीला माणसासाठी मर्यादा किती? १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्याला जे परिशिष्ट जोडले, त्यात ती फक्त १० पीपीएम धरली होती. ही दुरुस्ती भोपाळनंतरची. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथल्या कामगारांना गळती प्रथम कळली ती डोळ्यांची आग होऊन.

कुणी म्हणेल, या वायूला सडक्या अंड्याचा वास येतो, मग यंत्र हवे कशाला? वास येतो खरा, पण थोड्या गॅसला. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होते. वास थांबला की माणसाला वाटते गॅस गेला, आणि तो बिनधास्त पुढे जातो. पेवात उतरण्याआधी कंदील सोडून पाहण्याची आपल्याकडे जुनी रीत होती. ती पेवापुरती ठीक. मिथेनपाशी कंदील नेला तर भडकाच उडेल.

आता डबीकडे वळू. आत गॅस ओळखणारा सेन्सर असतो आणि त्याचा इशारा आकड्यात दाखवणारा डिस्प्ले असतो. हाच इशारा तारेने कंट्रोल रूमला जातो : शून्याला ४ मिलिअँपिअर, पूर्ण मापाला २०. तार तुटली तर प्रवाह शून्यावर येतो, त्यामुळे "गॅस नाही" आणि "तार तुटली" यांत गल्लत होत नाही. ही युक्ती मला फार आवडते.

आमच्या डबीचे आकडे उन्हाने आणि दमट हवेने अर्धवट दिसू लागले होते. आठाचा तीन दिसायचा. म्हणून नवे मॉड्यूल आणले. पण अनेक बनावटींत हे मॉड्यूल म्हणजे नुसती काच नसते. वायू कोणता, माप किती, भोंगा कितीवर वाजवायचा, ही सारी मांडणी त्यातच साठवलेली असते. नवे मॉड्यूल कंपनीची मांडणी घेऊन येते, आपली जुनी त्यात आपोआप उतरत नाही.

वजनकाट्याचेच घ्या. काट्याचा इंडिकेटर बदलला आणि प्रमाणित वजने न ठेवता, शिक्का न मारता कुणी तुमची ट्रॉली त्यावर चढवली, तर तुम्ही ऐकून घ्याल का? काटामारी झाली म्हणून गेट बंद कराल, आणि ते बरोबरच आहे. आकडा उमटतो म्हणजे तो खरा असतो असे नाही, हे ऊसवाल्याला वेगळे सांगायला नको.

त्या दिवशी काम असे झाले. प्रथम कामाचा लेखी परवाना घेतला, कंट्रोल रूमला सांगून त्या डबीचा भोंगा बायपास केला आणि तशी वहीत नोंद केली. तेवढ्या वेळात हातातला फिरता मीटर घेऊन एक माणूस जागेवर उभा होता. वीज तोडल्यावरच झाकण उघडले, कारण ही पेटी ज्वालारोधक असते. आतली ठिणगी बाहेर जाऊ नये अशी तिची घडण असते आणि उघडी पडली की तो गुण संपतो. जुनी मांडणी आधीच कागदावर उतरवलेली होती. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून मनगटाला पट्टा बांधून नवे मॉड्यूल बसवले, रबरी कडे पाहिले, झाकण पूर्ण आवळले. इथे एक सूचना. पाणी जाऊ नये म्हणून जिथे तिथे सिलिकॉन फासायची काही मिस्त्रींना सवय असते. मिथेनच्या उष्ण मण्याच्या सेन्सरला सिलिकॉनची वाफ विषासारखी असते. तो मुका होतो, आणि पडद्यावर शून्य मात्र छान दिसत राहते.

वीज देऊन सेन्सर स्थिर होऊ दिला. स्वच्छ हवेत शून्य लावले, जसे लॅबमध्ये ब्रिक्स पाहण्याआधी शुद्ध पाण्यावर शून्य लावतात. मग नळकांड्यातला, मुदतीतला, २५ पीपीएमचा प्रमाणित वायू सेन्सरवर सोडला. डिस्प्लेवर २५ आले. सगळ्यांना हायसे वाटले. तेवढ्यात कंट्रोल रूममधून फोन आला : "इथं साडेबारा दिसतंय."

मॉड्यूलची मांडणी ० ते १०० अशी आली होती, कंट्रोल रूमचे माप होते ० ते ५०. २५ पीपीएमला डबीने ८ मिलिअँपिअर पाठवले, तिकडे त्याचे साडेबारा झाले. डबी बरोबर, तारही बरोबर, तरी आकडा निम्मा. तिथला भोंगा १० वर लावलेला आहे, म्हणजे जागेवर २० पीपीएम झाल्याशिवाय तो वाजलाच नसता. डबीजवळ उभ्या माणसाला ही चूक कधीच दिसली नसती, कारण त्याच्या समोरचा आकडा खरा होता.

माप ५० वर आणले, शून्य पुन्हा तपासले, वायू पुन्हा सोडला. दोन्हीकडे २५ आले आणि भोंगा वाजला. मग बायपास काढला आणि वहीत वेळ लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. बायपास काढायचा विसरला की एवढ्या खटाटोपातून हाती काहीच राहत नाही, म्हणून सह्या दोन.

मॉड्यूल बसवायला लागली वीस मिनिटे. बाकी वेळ गेला तो असा. डबीला आता तपासणीच्या तारखेचे कार्ड लटकवले आहे. प्लँट पाहायला येणाऱ्या सभासदांनी ते जरूर वाचावे, आणि तारीख उलटलेली दिसली तर तिथल्या तिथे आम्हाला विचारावे.